बोटांचा हिशेब उपरण्याखाली का?



शेतकऱ्याला गणित येत नाही, असे म्हणणाऱ्या विद्वानांना आमची एक विनंती आहे. एखाद्या शनिवारी काष्टीच्या जनावरांच्या बाजारात या आणि तासभर गप्प उभे राहा. एक हेडी आणि एक दलाल समोरासमोर येतात. हातावर उपरणे किंवा टॉवेल पडतो. खाली बोटे धरली जातात, सोडली जातात, पुन्हा धरली जातात. धरलेले बोट म्हणजे हजार की दहा हजार, ते जनावराकडे पाहून दोघांनाही कळलेले असते. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच असा सगळा चढ-उतार तोंडातून एक शब्द न काढता होतो. कागद नाही, पेन्सिल नाही. दोघांपैकी एखादा शाळेची पायरी न चढलेलाही असतो. याला गणित म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

मात्र तिथेच आणखी एक माणूस उभा असतो, त्याच्याकडेही पाहा. तो कासरा धरून उभा आहे. गाय त्याची आहे. दोन वर्षे पेंड-वैरण त्याने घातली, रात्री उठून वासरू त्याने ओढले. आणि त्याच्या गाईचा भाव ठरतो आहे ते उपरण्याखाली, दुसऱ्या दोघांच्या बोटांत. शेवटी दलाल त्याच्या कानाशी एक आकडा सांगतो. तो आकडा आणि बोटांतला आकडा एकच आहे की नाही, हे तपासायला त्याच्यापाशी काही नसते.

व्यापारी मंडळी सांगतात की उपरणे भांडणे टाळण्यासाठी आहे, चार लोकांत भाव फुटू नये म्हणून आहे. असेल. पण भाव फुटला नाही म्हणजे नुकसान कोणाचे झाले? मागच्या शनिवारी तशाच दुसऱ्या वेताची गाय कितीला गेली, हे हेड्याला माहीत असते, कासरा धरणाऱ्याला नसते. दोघांच्या बुद्धीत फरक नाही, फरक एका आकड्याचा आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे: शेतकऱ्याच्या वाटेला येणारे गणित अवघड नाही, ते झाकलेले आहे. आणि जनावरांच्या बाजारातले उपरणे निदान डोळ्यांना दिसते. बाकीची उपरणी कागदाची आहेत.

दुधापासून सुरुवात करू, कारण दुधाचा पगार दर पंधरवड्याला घरात येतो आणि श्रीगोंद्यात दूध नाही असे घर शोधावे लागेल. संकलन केंद्रावर काटा असतो. तो काटा शंभर मिलीचा असेल आणि वरचे दूध सोडून देत असेल, म्हणजे १० लिटर १९० मिली दुधाला १० लिटर १०० मिली दाखवत असेल, तर काय होते? एखाद्या दिवशी ९० मिली जातात, एखाद्या दिवशी १०, एखाद्या दिवशी काहीच नाही. सरासरी धरा ५० मिली. ‘पन्नास मिलीने काय होतेय’, असे आपणच म्हणतो. आता मांडू. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला १०० मिली. वर्षाला साडेछत्तीस लिटर. लिटरला ३० रुपये धरले तरी १ हजार ९५ रुपये. केंद्रावर तीनशे घालणारे असतील तर वर्षाला १० हजार ९५० लिटर दूध, म्हणजे सव्वातीन लाखांहून जास्त रुपये. हे दूध कोणाच्याही गोठ्यातून निघालेले नाही आणि कोणाच्याही पावतीवर लिहिलेले नाही. दहा मिलीपर्यंत दाखवणारा काटा लावला की हीच गळती दहाव्या हिश्शावर येते. यात चौथीच्या पुढचे गणित कुठे आले?

आता पॉइंट. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर ठरतो. समजा दर ३० रुपये आहे आणि एसएनएफच्या एका पॉइंटला एक रुपया कापला जातो. उन्हाळ्यात तुमचे दूध ८.२ लागले. तीन पॉइंट गेले, दर २७ झाला. म्हणजे पैशांत कपात दहा टक्के. पण दुधात कमी काय झाले? आधी शंभर किलो दुधात फॅट आणि एसएनएफ मिळून १२ किलो घन पदार्थ होते, आता ११ किलो ७०० ग्रॅम आहेत. घट अडीच टक्के. दुधातला माल अडीच टक्के कमी आणि पैसे दहा टक्के कमी. बाकीचे साडेसात टक्के कशाचे, हा प्रश्न एकदा तरी केंद्रचालकाला विचारा. कपात करूच नये असे आम्ही म्हणत नाही. पातळ दुधाला घट्ट दुधाचा भाव मागणे हा आमचा धंदा नाही. जेवढा माल कमी तेवढी कपात, हा सरळ त्रैराशिकाचा न्याय आहे आणि त्रैराशिक सर्वांना सारखे असते.

उसाकडे या. इथे उपरणे थेट दिल्लीहून येते, त्यामुळे जरा सावकाश वाचा. आणि वाचताना हाताशी कागद घ्या.

२०१७-१८ च्या हंगामात उसाची एफआरपी क्विंटलला २५५ रुपये होती. ती साडेनऊ टक्के उताऱ्याला. त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ६८ पैसे जादा. पुढच्या वर्षी, २०१८-१९ ला, एफआरपी २७५ झाली. क्विंटलला २० म्हणजे टनाला २०० रुपयांची वाढ, असा गवगवा झाला. पण त्याच कागदावर पायाभूत उतारा साडेनऊचा दहा टक्के केलेला होता. आता ज्याचा उतारा दहा टक्के आहे त्या उसाचा हिशेब करा. जुन्या दराने साडेनऊवर पाच पॉइंट, पाच गुणिले २.६८ म्हणजे १३ रुपये ४० पैसे. २५५ अधिक १३.४० बरोबर २६८ रुपये ४० पैसे. हे त्याला जुन्याच दराने मिळायचे होते. नव्या दराने २७५. खरी वाढ क्विंटलला ६ रुपये ६० पैसे, टनाला ६६ रुपये. दोनशेपैकी एकशे चौतीस रुपये नुसता पाया सरकवून दाखवले.

आणि हा खेळ एकदाच झाला असे नाही. २०२१-२२ ला दहा टक्क्यांना २९० रुपये आणि वरच्या पॉइंटला २ रुपये ९० पैसे होते. २०२२-२३ ला ३०५ जाहीर झाले, पण पाया सव्वादहावर गेला. जुन्या दराने सव्वादहाला २९७ रुपये २५ पैसे होतातच. वाढ सांगितली टनाला दीडशेची, झाली साडेसत्त्याहत्तरची. विचारले तर उत्तर मिळते की देशाचा उताराच वाढला आहे म्हणून पाया वाढवला. उतारा कशाने वाढला? सुधारित बेणे, लागणीची वेळ, खताचा डोस, म्हणजे शेतकऱ्याच्या खर्चाने आणि कष्टाने. त्याने कमावलेले पॉइंट पायात गाडायचे आणि वर त्यालाच वाढ दिली म्हणून सांगायचे.

२०२५-२६ ला सव्वादहा टक्के उताऱ्याला ३५५ रुपये क्विंटल आणि प्रत्येक ०.१ ला ३ रुपये ४६ पैसे आहेत. म्हणजे उताऱ्याचा एक पॉइंट टनाला ३४ रुपये ६० पैशांचा. शंभर टन घालणाऱ्याला ३ हजार ४६० रुपये. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला हाच एक पॉइंट १ कोटी ७३ लाखांचा पडतो. म्हणून उतारा कसा काढला, बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली असेल तर तिच्यात गेलेली साखर परत मिळवून उतारा धरला की नाही, तोडणी-वाहतूक किती लावली, हे विचारणे म्हणजे राजकारण नव्हे. ती बेरीज-वजाबाकी आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे आले नाहीत तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने वर्षाला १५ टक्के व्याज लागते. तीन लाख रुपये मुदतीनंतर ६० दिवस अडकले तर ते व्याज ७ हजार ३९७ रुपये होते. किती जणांनी हा आकडा काढून कारखान्याला लेखी दिला आहे? हात वर करू नका, आम्हाला उत्तर माहीत आहे.

हे सगळे नवीन आहे असे कोणी समजू नये. १८७५ च्या १२ मे रोजी सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो पसरत आपल्या जिल्ह्यात आला. पारनेर, नगर, कर्जत आणि आपला श्रीगोंदा तालुका, या सगळ्या भागांत कुणबी उठले. त्यांनी काय मागितले? बहुतेक ठिकाणी माणसांना हात लावला नाही. त्यांनी कर्जरोखे मागितले आणि जाळले. खतावर अंगठा त्यांचा, आकडा दुसऱ्याचा. जो हिशेब वाचता येत नाही आणि तपासता येत नाही, त्याच्याशी भांडायला काडेपेटीशिवाय दुसरे साधन उरत नाही. इंग्रज सरकारला हे कळले. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी झाला. त्यात रोख्यावरचा आकडा जसाच्या तसा न मानता मागचा सगळा व्यवहार उकरून पाहण्याची मुभा कोर्टाला मिळाली, आणि सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, हेही आले. म्हणजे पावतीचा हक्क आपल्या पणजोबांनी दंगा करून मिळवला, आणि आपण ती पावती घडी घालून खिशात ठेवतो.

त्या काळातले एक गणित मात्र झाकलेले नव्हते. दामदुपट. व्याज कितीही वर्षे चढू द्या, एका वेळी मुदलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही. एक शब्द. अंगठाबहाद्दरालाही समजणारा, कोर्टातही चालणारा. आजच्या कर्जाच्या करारात असा एक तरी शब्द दाखवा. ट्रॅक्टरला किंवा मोटारसायकलला ‘दहा टक्के फ्लॅट’ व्याज म्हणतात. एक लाख, तीन वर्षे, ३६ हप्ते, महिना ३ हजार ६११ रुपये. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज शेवटपर्यंत पहिल्या लाखावरच चालू राहते. उरलेल्या मुदलावर काढले तर हाच दर अठरा टक्क्यांच्या घरात जातो. गावचा सावकार ‘शेकडा दोन’ म्हणतो तेव्हा निदान महिन्याला दोन, वर्षाला चोवीस, हे उघड असते. लुटीतसुद्धा काही प्रामाणिकपणा असतो!

मग शाळा काय करते, असे कोणीही विचारील.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. खेड्यातल्या प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे यांच्या जोडीला हिशेब मागितला, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले. अक्षर, हिशेब आणि शेती त्यांनी एका दमात मागितली. आपल्या शाळांनी पुढे या तिघांची फारकत केली. हिशेबाचे ‘गणित’ झाले आणि गणितात हौद आला. एका तोटीने भरतो, दुसरीने रिकामा होतो. कुकडी आणि घोडच्या आवर्तनासाठी रात्र-रात्र चारीवर बसणाऱ्या तालुक्यात मुलांना दोन तोट्यांचा हौद शिकवतात! एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले तर साधारण साडेचोवीस लाख लिटर होते, आणि आठ सेंटिमीटरच्या पाळीने ते साडेसात एकर भिजवते, हे उदाहरण कुठल्या पुस्तकात आहे? ते असते तर चारीवरची निम्मी भांडणे कागदावर झाली असती.

पूर्वी पंतोजीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता तोवर ही कोष्टके बाजारात रोज लागत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणे आले, मागोमाग किलो-लिटर आले, आणि पावक्या गेल्या. त्यांच्यासाठी गळे काढणाऱ्यांत आम्ही नाही. शंभराचा हिशेब सोपा आहे आणि छडी खाऊन पाठ केलेली औटकी काही फार प्रेमाची नव्हती. पण एक गोष्ट त्या शाळेला कळत होती: जे बाजारात लागते तेच वर्गात घोकायचे. पावक्या काढल्या ते ठीक केले, त्यांच्या जागी बाजारातले दुसरे काही ठेवले नाही, हे वाईट केले.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ! विषयसमितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, २०२३ साली त्या गेल्या. त्यांचा मुद्दा साधा होता. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन आधी, शिवाय जोडाक्षरे, लहान मूल अडखळते. थट्टा झाली, मराठी बुडाल्याची हाकाटी झाली. आमच्या मते त्या बाईंनी निदान मूल कुठे अडते एवढे पाहिले. थट्टा करणाऱ्यांनी तेवढेही पाहिले नाही. मात्र त्या सगळ्या गदारोळात, हेच मूल दहावीला गेल्यावर घरची दुधाची पावती तपासू शकेल का, असे विचारलेले आमच्या वाचनात आले नाही.

आणि दहावीचे म्हणाल तर २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातली तरतूद बाहेर आली: गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवरही पोराला अकरावीला जाऊ द्यावे, गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा, आणि पुढे गणित-विज्ञानाची वाट त्याला बंद. पोरे नापास होऊन घरी बसू नयेत हा हेतू चांगला. पण वीस गुणांचा शेरा घेऊन तो पोरगा जाणार कुठे? शेतीत. आणि शेतीत गणित कमी लागते असे कोणी सांगितले? कारकुनाला बांधलेला पगार असतो, त्याला महिन्याला एकच बेरीज. शेतकऱ्याला रोज त्रैराशिक, रोज टक्केवारी, आणि विम्याच्या वेळी तर अपूर्णांक. पीकविम्याचे सूत्र पाहा: उंबरठा उत्पन्नातून प्रत्यक्ष उत्पन्न वजा करा, त्याला उंबरठा उत्पन्नाने भागा, संरक्षित रकमेने गुणा. उंबरठा दहा क्विंटल, प्रत्यक्ष सात, रक्कम पन्नास हजार, भरपाई पंधरा हजार. आणि ते सात क्विंटल तुमच्या रानातले नव्हेत, तुमच्या मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीचे. हे ज्याला माहीत आहे तो पंचनाम्याच्या मागे धावत बसत नाही, पीक कापणीच्या दिवशी बांधावर हजर राहतो.

आम्ही कृषी पदवीधर. आमच्या बिरादरीलाही सोडता येत नाही. कांद्याला राहुरीची शिफारस हेक्टरी १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश. शेतकऱ्याचे रान असते दहा गुंठे, दुकानात मिळते गोणी, आणि शिफारस असते हेक्टरात. तिन्हींची भेट कोणी घालून देत नाही, म्हणून दुकानदार सांगेल ती गोणी येते. खरे तर एक हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, तेव्हा हेक्टरी शिफारशीचा शंभरावा हिस्सा तो गुंठ्याचा. दहा गुंठ्यांना नत्र दहा किलो, स्फुरद पाच. डीएपीत स्फुरद ४६ टक्के, तेव्हा अकरा किलो डीएपी झाले. त्यातून दोन किलो नत्र आलेच. उरलेल्या आठ किलो नत्राला साडेसतरा किलो युरिया, तोही हप्त्याहप्त्याने. एवढे गणित खताच्या गोणीवर छापायला जागा आहे की नाही? कंपनीच्या बोधचिन्हाला आहे. आणि युरियाची गोणी २०१८ पासून पन्नासची पंचेचाळीस किलो झाली हे ज्यांच्या अजून लक्षात आले नाही, त्यांनी गोणीचा हिशेब किलोवर आणावा. त्या गोणीत नत्र २० किलो ७०० ग्रॅम.

शेळ्या-बोकडांचेही तेच. काष्टीत बोकड नगावर, डोळ्यांच्या अंदाजाने जातो. खाटकाचा डोळा रोजचा, पाळणाऱ्या बाईचा वर्षातून दोनदा बाजार बघणारा. पण जिवंत वजनाच्या निम्म्याला थोडे कमी मटण निघते, एवढे त्या बाईला ठाऊक असले आणि घरून निघताना बोकड काट्यावर चढवला, तर २४ किलोच्या बोकडात साडेअकरा किलो मटण आहे, किलोला ७०० धरले तर ८ हजारांचे, हे ती मनात करून येते. मग खाटकाचा नफा सोडून काय मागायचे ते तिचे ती ठरवील. तिला आमच्या भाषणाची गरज नाही, वीस रुपयांच्या वजनाची आहे.

म्हणून या जिल्ह्यात आम्ही मागणार आहोत ते असे. दुधाच्या पावतीवर काट्याचा आकडा, फॅट, एसएनएफ, मूळ दर आणि कपात वेगवेगळी छापावी, दरपत्रक केंद्राच्या भिंतीवर लावावे. उसाच्या बिलावर उतारा, तोडणी-वाहतूक आणि उशिराचे व्याज यांच्या स्वतंत्र ओळी असाव्यात. कांद्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, वाराई जशी लिहितात तसे गोणीमागे वजनातून कापलेले किलोही लिहावेत, नाही तर कापू नयेत. जनावरांच्या बाजारात त्या दिवशी झालेल्या सौद्यांचे भाव संध्याकाळी फळ्यावर यावेत, नावे नकोत, नुसते जनावर, वेत आणि आकडा. उपरण्याखाली करायचा तो सौदा करा, पण दिवस मावळताना आकडा उजेडात येऊ द्या. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी सातवीपासून महिन्यातून एक तास घरून आणलेल्या पावत्यांवर गणित घ्यावे. याला अनुदान लागत नाही.

यातल्या पहिल्या कामासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही. काष्टीच्या पुढच्या बैठकीला येताना मागच्या दोन पंधरवड्यांच्या दुधाच्या पावत्या, मागच्या हंगामाचे उसाचे बिल आणि कांद्याची शेवटची पट्टी घेऊन या. कर्जाचा करार असेल तर तोही. घरात आठवी-नववीतली मुलगी असेल तर तिला बरोबर आणा, हिशेब तिच्याकडून करून घेऊ. फळा आणि खडू आमच्याकडे आहेत.